आधी तार, मग वकालतनामा

मार खाल्लेला माणूस वकिलापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या अंगावरचा पुरावा मावळायला लागलेला असतो. वळ आधी लाल असतो, मग काळानिळा होतो, चार-सहा दिवसांत हिरवट, पुढे पिवळा पडतो आणि पंधरवड्यानंतर कातडी अशी दिसते की काही झालंच नव्हतं. तळपायावर पट्टे मारले असतील तर तेवढंही दिसत नाही. सूज उतरते, माणूस लंगडत राहतो, आणि लंगडण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. हे पोलिसांना डॉक्टरांइतकंच ठाऊक असतं. म्हणूनच माणूस उचलल्याची तारीख वेगळी असते आणि अटक दाखवल्याची तारीख वेगळी.

वर्ध्याच्या कोर्टात मी वकिली केली आणि त्यातला मोठा काळ कोठडीत मार खाल्लेल्यांसाठी चालणारं मोफत कायदा-मदतीचं काम सांभाळलं. काम सोडताना बार रूममध्ये छोटा समारंभ झाला. बाईंनी गरिबांसाठी हे केलं, ते केलं, असं बरंच बोलणं झालं. शाल-श्रीफळ घेऊन मी मान डोलावली, कारण समारंभात वाद घालायचा नसतो. पण खरं सांगायचं तर मी कोर्टात जे जे उभं करू शकले ते मी पोचण्याच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. वकिलाचं काम त्यानंतरचं. लिहिणाऱ्यांत कुणी कायद्याचे प्राध्यापक होते, कुणी पत्रकार, कुणी सरकारी दवाखान्यातला नवखा डॉक्टर, आणि एक तर चहावाला. त्यांचं देणं माझ्याकडे आहे.

या कामाची पहिली शिकवण मला पुस्तकातून मिळाली नाही. माझ्या सीनियरांकडे एक वयस्कर मुन्शी होते. आम्ही सगळे ज्युनियर त्यांना काका म्हणायचो. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा ठाण्यात नेला म्हणून बाया रडत ऑफिसात आल्या की आम्ही कायद्याची पुस्तकं उघडायचो. काका उठून चप्पल पायात सरकवायचे. "ताई, कायदा मंग पाह्यजा. आधी तार करा, मंग वकालतनामा."

तार पोलीस अधीक्षकांना, तार जिल्हाधिकाऱ्यांना, तार मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना. अमुक गावच्या अमुक माणसाला अमुक वाजता अमुक ठाण्यात नेलं आहे, एवढंच. त्या तारेने माणूस लगेच सुटायचा असं मुळीच नाही. काकांचा डोळा पावतीवर असायचा. तार ऑफिसच्या पावतीवर तारीख आणि वेळ असते, आणि ती कुणा ठाणेदाराला बदलता येत नाही. पुढे रिमांडच्या कागदात "आरोपीस दि. १४ रोजी अटक" असं आलं आणि आमच्या फाइलला ११ तारखेची पावती असली की सरकारी वकिलांना पाणी प्यावं लागायचं.

तार ऑफिसातल्या एका कारकुनाचंही देणं आहे. मी नव्याने तार लिहायला लागले तेव्हा मजकुरात "अमानुष", "निर्दय", "बेकायदेशीर" असे शब्द भरायचे. त्यांनी पेन्सिलीने ते खोडले. म्हणाले, "मॅडम, विशेषणाचेही पैसे पडतात. नाव, गाव, वेळ लिहा." त्यानंतर मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जात मला ती पेन्सिल दिसत आली. वकिलांच्या पुष्कळ अर्जांना अशा कारकुनाची गरज असते, पण ते असो. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. आता व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसतात आणि त्या कोर्टात सिद्ध करायला वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

बाहेरच्यांना वाटतं, गांधीजींचा जिल्हा, इथे कसली आली मारझोड. वर्ध्याला सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे ती गांधीजींच्याच नावाने. तिचा हेतू चांगला आहे आणि गावोगावच्या बायांनी तिच्यासाठी खस्ताही खाल्ल्या आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. पण दारूबंदीचा एक अर्थ असा होतो की पोलिसांना कुठल्याही गरीब वस्तीत कधीही शिरायला कारण मिळतं. पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, "वॉश आऊट" मोहीम निघते, मोहाचा सडवा ओतला जातो, ड्रम फोडले जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. मोठ्या गाड्यांतून जिल्ह्यात येणारी दारू कशी येते, हा प्रश्न फोटोत येत नाही. आणि दारूसाठी बेड्यावर जायची वाट एकदा पडली की जवळपासच्या गावात सोनं चोरीला गेलं तरी जीप त्याच वाटेने जाते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच संशयित ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. बेड्यावरच्या म्हाताऱ्यांना मात्र तो गेल्याची बातमी नीट पोचलेली नव्हती, कारण ठाण्यातल्या वागणुकीत फरक पडलेला नव्हता. १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारात मेला तेव्हा राज्यभर ओरड झाली. त्याच पावसाळ्यात माझ्याकडे जे प्रकरण आलं ते मरणाचं नव्हतं म्हणून त्याची बातमी झाली नाही. त्याबद्दल पुढे सांगते. त्याआधी दोन बायांचं देणं, ज्या मला ओळखत नव्हत्या.

मी नागपूरला कायद्याच्या वर्गात होते तेव्हा एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्र हातोहात फिरत होतं. १६ सप्टेंबर १९७९ ची तारीख, सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेलं, खाली कायदा शिकवणाऱ्या चौघांच्या सह्या: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार. विषय होता मथुरा प्रकरण. २६ मार्च १९७२ ची रात्र आणि देसाईगंजचं पोलीस ठाणं. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. तक्रार द्यायला आलेल्यांतल्या मथुरा या आदिवासी मुलीला ठाण्यात मागे थांबवून घेतलं गेलं; बलात्काराच्या त्या प्रकरणात दोन पोलीस आरोपी होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली; भीतीने गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिथे मानलं गेलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती.

त्या निकालातला वैद्यकीय भाग मी तेव्हा वाचला आणि पुढे अनेकदा वाचला. तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वीसेक तासांनी. जखम नाही. मग "दोन बोटं" जातात की नाही याची ती नोंद. एका मुलीचं आयुष्य कोर्टाने ज्या कागदावर मोजलं तो कागद इतका तोकडा होता. पत्र लिहिणाऱ्या चौघांकडे सत्ता नव्हती, खटला संपलेला होता, त्यात ते वकीलही नव्हते. त्यांनी फक्त निकाल नीट वाचला आणि जे वाचलं ते सही करून लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळं आणि जास्त कडक कलम आलं, आणि अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने तसंच गृहीत धरावं असा नियम आला. वसुधा धागमवार तेव्हा पुण्यात शिकवत होत्या. त्यांनी धुळ्याकडच्या आदिवासींत काम केलं, पुढे दिल्लीला कायदा-साक्षरतेची संस्था उभी केली. त्यांना भेटावं असं फार वाटायचं. भेट झाली नाही.

दुसऱ्या शीला बर्से, मुंबईच्या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. पंधरा बायांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारल्याचं सांगितलं होतं. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने ते पत्रच याचिका मानलं आणि १५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल दिला. स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री पोलीस हव्यात; अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा-मदत समितीला लगेच कळवावं; आणि आरोपी समोर उभा केला की दंडाधिकाऱ्याने त्याला विचारावं, कोठडीत छळ झाला का, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे त्याला सांगावं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात रिमांडच्या वेळी "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न ऐकू येतो. बहुतेक वेळा तो इतका झपाट्याने विचारला जातो की "नाही" हे उत्तर स्टेनोच्या बोटांवर आधीच आलेलं असतं. आरोपीच्या मागे, हातभर अंतरावर, तोच शिपाई उभा असतो ज्याने रात्री पट्टा धरला होता. मी नवीन असताना आमच्याकडे एक तरुण दंडाधिकारी बदलून आले. ते प्रश्न विचारायच्या आधी पोलिसांना कोर्टरूमच्या बाहेर थांबायला सांगायचे. मग प्रश्न विचारून पेन खाली ठेवायचे आणि वाट बघायचे. एवढ्याने काय होतं, असं एका सरकारी वकिलांनी बार रूममध्ये विचारलं होतं. त्या दंडाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत आमच्याकडे तपासणीचे जितके आदेश निघाले तितके त्यांच्या आधी निघाले नाहीत आणि नंतरही नाहीत. ते बदलून गेले आणि त्यांना कुणी शाल-श्रीफळही दिलं नाही.

आता ते पावसाळ्यातलं प्रकरण. ठाण्याचं आणि गावाचं नाव घेत नाही. त्या वाटेवरून मी आजही जाते.

गावात एका घरी चोरी झाली, दागिने गेले. बेड्यावरचा एक पोरगा उचलला. त्याची आजी ठाण्यासमोर जाऊन बसली. तिला सांगितलं गेलं, इथे कुणी नाही. ती उठली नाही. आतून आवाज येत होता, आणि नातवाचा आवाज तिला कळत होता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिला वर्ध्याला माझ्याकडे पाठवलं. तार गेली. चौथ्या दिवशी अटक दाखवून पोरगा कोर्टात उभा केला गेला आणि पोलिसांनी सांगितलं, आज पहाटे पकडला, पळताना पडला.

कायदा न शिकलेला माणूस विचारतो, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब जर कोर्टात चालतच नाही तर मारतात कशाला? उत्तर पुरावा कायद्याच्या २७ व्या कलमात आहे. कबुली चालत नाही, पण कबुलीतून माल निघाला तर तेवढा भाग चालतो. म्हणजे मारायचं ते बोलण्यासाठी नव्हे, जागा दाखवण्यासाठी. कायदे नवे आले, कलमांचे आकडे बदलले, ही तरतूद जशीच्या तशी आहे. या पोराकडे दाखवायला जागाच नव्हती. म्हणून मार चार दिवस चालला.

सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ ला अटकेचे अकरा नियम घालून दिले होते: अटकेचा मेमो, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. बसू हे पश्चिम बंगालच्या कायदा-मदत संस्थेचे अध्यक्ष. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून त्यांनी कोर्टाला पत्र लिहिलं होतं. नियमांचा फलक त्या ठाण्यात लागलेलाही होता. पण अटकच दाखवली नसेल तर मेमो कशाचा? स्टेशन डायरी म्हणत होती, त्या तीन दिवसांत कोठडी रिकामी होती. आमच्याकडे तारेची एक पावती आणि आजीचा शब्द. आजीचा शब्द किती चालणार होता ते मला माहीत होतं.

ठाण्यासमोर चहाची टपरी होती. आजी तिथल्याच बाकड्यावर बसून राहिली होती. मी टपरीवाल्याशी बोलत असताना त्याने सहज वही काढली, लाल कापडी बांधणीची, उधारीची. ठाण्याचा चहा महिन्याच्या बोलीवर जायचा आणि महिनाअखेरीला हिशोबावरून कटकट व्हायची, म्हणून तो कुणासाठी किती कट गेले ते लिहून ठेवायचा. "साहेब २. पहारा २. कोठडी १." सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, कोठडी १. आणि त्याच पानांवर खाली, "म्हातारी १, उधार."

मी त्याला म्हटलं, भाऊ, हे कोर्टात सांगाल का? त्याने बराच वेळ भांडी विसळली. मग म्हणाला, "वकीलबाई, मी कोनाच्या बाजूनं नाई. पन मी लिवलेलं खोटं हाय असं कोनी म्हनीन तर मले चालनार नाई."

खासगी फिर्याद दाखल झाली. त्याची साक्ष झाली. उलटतपासात विचारलं गेलं की कोठडी म्हणजे धान्याची कोठडी नसेल कशावरून. तो म्हणाला, "साहेब, आमच्या गावात चहा पेनारी कोठडी एकच हाय." कोर्ट हसलं. वहीला निशाणी क्रमांक पडला आणि ती कोर्टात जमा झाली.

त्या वहीत अर्ध्या गावाची उधारी होती. आमच्या फाइलला हव्या त्या पानांची झेरॉक्स होती, पण उधारी मागायला अख्खी वही समोर लागते. वही कोर्टात गेल्याचं कळल्यावर लोकांची स्मरणशक्ती बिघडली. काही महिन्यांत अतिक्रमण म्हणून टपरीही उचलली गेली; ओळीतल्या बाकीच्या टपऱ्या राहिल्या. आजी मात्र एक दिवस येऊन तिच्या चहाचे पैसे त्याच्या हातावर ठेवून गेली. तिच्या उधारीला वही लागली नाही.

चोरीच्या खटल्यातून पोरगा सुटला. पोलिसांवरची फिर्याद शासनाच्या पूर्वपरवानगीच्या मुद्द्यावर वर खाली होत राहिली. कबुली काढण्यासाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं कलम इंग्रजांच्या काळापासून आहे; ते लागू झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो मंजूर करून कायद्यात आणलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेत विधेयक पास झालं आणि पुढे विरलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने अहवाल देऊन पुन्हा मसुदा सुचवला. यावर मी भाषणं केली आहेत; इथे करत नाही.

त्या पोराच्या खटल्यात दुसरा एक कागद होता आणि तो नसता तर वहीनेही भागलं नसतं. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याला ज्या दवाखान्यात नेलं तिथे रात्रपाळीला नुकताच लागलेला एक डॉक्टर होता. अशा वेळी सरकारी कागदावर "ताजी जखम नाही" एवढी एक ओळ पडते आणि सगळे जेवायला जातात. या डॉक्टरने पोराला कपडे काढायला लावले, शिपायाला पडद्याबाहेर ठेवलं, आणि मोजपट्टी घेतली. पाठीवरच्या वळांची लांबी, रुंदी, रंग. प्रत्येक वळ दोन समांतर रेघांचा आणि मधली पट्टी फिकी. लाठी किंवा दांडा बसला की रक्त दोन्ही कडांना सरकतं, म्हणून तसा ठसा उठतो. पडल्याने तसा उठत नाही. काही वळ लाल, काही हिरवट, म्हणजे मार एका दिवसाचा नाही. तळपाय दाबले की दुखतात, टाचेवर उभं राहता येत नाही. शरीराची आकृती काढून त्यावर खुणा. "पळताना पडला" या वाक्याचं त्या पानावर काही उरलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांकडे इस्तंबूल प्रोटोकॉल सादर झाला. छळाच्या खुणा डॉक्टरांनी आणि वकिलांनी कशा नोंदवाव्यात याचा तो जगभरचा ग्रंथ. तळपायावरच्या माराला त्यात वेगळी जागा आहे. मी तो बऱ्याच उशिरा वाचला. वाचताना वाटलं, हे तर त्या पोरसवदा डॉक्टरने आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात, लाइट जाऊन येऊन असताना केलं होतं. तो डॉक्टर पुढे कुठे गेला, मला शोधता आलं नाही.

डॉक्टरांचं देणं सांगताना सेवाग्रामला जावंच लागतं. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या न्यायवैद्यक विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये एक अहवाल तयार केला. लैंगिक अत्याचार झालेल्यांची सरकारी तपासणी किती दयनीय दर्जाची होते, डॉक्टर काय लिहायचं सोडतात आणि नको ते काय लिहितात, याची त्यात चिरफाड होती. त्या आधारावर रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये राज्य सरकारला तपासणीची नवी नियमावली काढावी लागली आणि "दोन बोटांची" ती चाचणी बाद झाली. २०१४ मध्ये केंद्राच्याही सूचना आल्या. देसाईगंजच्या त्या कागदापासून सेवाग्रामच्या या अहवालापर्यंत ३८ वर्षं. दोन्ही कागद विदर्भातले, दोन्ही त्याच खंडपीठासमोर आलेले. एका कागदाने जे मोडलं ते दुसऱ्याने सांधलं असं मी म्हणणार नाही, कारण ती मुलगी त्या ३८ वर्षांत तशीच जगली. पण नव्या नियमावलीचा छापील फॉर्म मी पहिल्यांदा एका तक्रारदार बाईसाठी भरलेला पाहिला तेव्हा मला नागपूरच्या वर्गातली ती सायक्लोस्टाइलची प्रत आठवली.

ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याकडूनही घेतलंच. आठवडी बाजारात भाजी विकणारी एक बाई. नवरा सापडेना म्हणून तिला रात्री ठाण्यात बसवून ठेवलं होतं. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची नाही हा नियम तेव्हा नुकताच कायद्यात आला होता. अर्थात ती "अटक" नव्हतीच, "चौकशी" होती. तिचं म्हणणं आम्ही टाइप केलं. सही घ्यायला कागद पुढे केला तर म्हणाली, थांबा, माझी पोरगी वाचीन. सातवीतल्या मुलीने आईला काय झालं ते मोठ्याने वाचावं हे मला बघवेना. मी म्हटलं, मी वाचते. "नाई म्याडम, तुमी तुमचंच लिवलेलं वाचसान."

मुलीने वाचलं. चार पोलिसांनी मारलं, या वाक्याशी आईने तिला थांबवलं. तिघांनी मारलं. चौथ्याने पाणी दिलं. ते पाणी देतानाही तो दाराकडे बघत होता, हेही लिवा. आमच्या ऑफिसातल्या एका तरुण वकिलाने तिला समजावलं की तोही तिथेच होता, त्याने अडवलं नाही, म्हणजे तोही दोषी. कायद्याने त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बाई म्हणाली, "त्यानं मारलं नाई तर मी मारलं कसं म्हनू?" मसुदा पुन्हा टाइप झाला. चौकशीत तो चौथा शिपाई काहीच बोलला नाही. पण चौकशी अधिकाऱ्यांनी अहवालात नोंदवलं की सगळ्यांवर सरसकट आरोप न केल्यामुळे अर्जदाराचं म्हणणं विश्वासार्ह वाटतं. तिला भरपाई मिळाली. रक्कम सांगण्यासारखी नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम पडला: जबाब ज्याचा त्याला, त्याच्याच माणसाकडून वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. अधिकाऱ्यांपुढे, शिबिरांत, मी हा नियम आमच्या केंद्राची पद्धत म्हणून मांडत आले. तो भाजीवालीचा आहे.

आता जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० ही हेल्पलाइन आहे, पगारी बचाव वकील आहेत. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने कोठडीतल्या कुणालाही वकील फुकट मिळतो. त्याला जातीचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही. बेड्यावर हे सांगितलं की लोक विचारतात, मग दाखला नसल्याने बाकीचं सगळं अडतं त्याचं काय? नव्या मुली-मुलांना मी एवढंच सांगते की ठाण्यात जाताना आधी समोर कोण बसतं ते बघा.

टपरीवाला आता थकला आहे. त्याचा मुलगा हातगाडी लावतो, ती दर दोन-चार महिन्यांनी उचलली जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी त्याचा अर्ज मीच लिहिला. जुना व्यवसाय असल्याचा पुरावा जोडा, असं उत्तर आलं. टपरीला परवाना नव्हता, पावती नव्हती, फोटो नाही. ती टपरी तिथे होती आणि तिथून ठाण्याला चहा जायचा, याचा जगात एकच लेखी पुरावा आहे, आणि त्यावर कोर्टाचा निशाणी क्रमांक आहे. नकलेचा अर्ज मी केला आहे. जुनी प्रकरणं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे मूळ वही आहे की गेली हे रेकॉर्ड रूममध्ये उतरून बघावं लागेल. तिथल्या कारकुनाने नोंदवहीत प्रकरणाचा क्रमांक शोधून दिला, बस्ता कुठल्या रॅकवर असावा ते सांगितलं, आणि म्हणाला, मॅडम, शिडी मोडली आहे, सोमवारी या.